दोन वर्षांच्या मुलाला घेऊन ग्वाल्हेर पाहताना

ग्वाल्हेरला आलेल्या पाहुण्यांना यजमान बहुधा एकच यादी हातात देतात. तीत किल्ला, जयविलास, तानसेनची समाधी, सूर्यमंदिर आणि संध्याकाळी महाराज बाडा हा बाजाराचा चौक एवढे सगळे असते, आणि हे एका दिवसात सहज उरकते असेही वर सांगितले जाते. मोठ्या माणसांपुरते ते खरे आहे. बरोबर दीड ते तीन वर्षांचे मूल असेल तर मात्र ही यादी दुपारी बाराच्या सुमारास कोलमडते, कारण त्या वेळी मुलाला झोप हवी असते, भूक लागलेली असते आणि आपण नेमके कुठल्यातरी दगडी जिन्याच्या मध्यावर उभे असतो. म्हणून दिवसाची आखणी स्थळांच्या यादीवरून न करता मुलाच्या झोपेवरून करावी. या वयाची बहुतेक मुले दुपारी एकदा झोपतात, त्यामुळे दिवसाचे दोन वापरण्याजोगे तुकडे मिळतात: सकाळी उठल्यापासून अकरापर्यंतचा आणि दुपारी चारनंतर अंधार पडेपर्यंतचा. एका तुकड्यात एकच स्थळ पाहावे. दोन्ही तुकडे बाहेर घालवलेच पाहिजेत असेही नाही. सकाळ किल्ल्यावर गेली असेल तर संध्याकाळ आजीच्या अंगणात गेली तरी काही बिघडत नाही.

या शहराची रचना अशा आखणीला सोयीची आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी उत्तर-पूर्वेला जुने ग्वाल्हेर, दक्षिणेला शिंद्यांच्या छावणीतून वाढलेले लष्कर आणि पूर्वेला मुरार असे त्याचे तीन भाग आहेत, आणि पाहण्याची ठिकाणे या तीन भागांत बऱ्यापैकी वाटली गेली आहेत. एका दिवशी एकाच भागात राहिले की वाहतुकीत जाणारा वेळ वाचतो. मुलाच्या दृष्टीने रिक्षातला अर्धा तास हा स्थळ पाहण्याच्या अर्ध्या तासाइतकाच दमवणारा असतो, हे आपण विसरतो.

हंगामाविषयी आधीच सांगणे बरे. लष्करातल्या मराठी घरांत पुण्या-मुंबईची नातवंडे बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी येतात, आणि फिरण्यासाठी वर्षातला सर्वांत वाईट काळ तोच. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, लू म्हणजे कोरडा, होरपळवणारा वारा वाहतो आणि किल्ल्याचा वालुकाश्म तापून संध्याकाळी उशिरापर्यंत गरम राहतो. मे-जूनमध्ये लहान मुलाला घेऊन जायचेच असेल तर सकाळी साडेआठच्या आत परतावे आणि उरलेला दिवस घरातच काढावा. डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी हा याच्या उलट टोकाचा काळ असतो. सकाळी दाट धुके आणि बोचरी थंडी असल्याने त्या दिवसांत दहाच्या आधी बाहेर पडू नये, आणि कानटोपी घरी विसरू नये. दिवाळीची सुट्टी आणि फेब्रुवारीपासून मार्चच्या मध्यापर्यंतचे आठवडे हे खरे फिरण्याचे दिवस. आजी-आजोबांनी नातवंडांना बोलावताना याचा विचार करावा असे मला आवर्जून सुचवावेसे वाटते.

किल्ला

किल्ल्यावर जाण्याचे दोन मार्ग आहेत, आणि लहान मूल बरोबर असताना त्यांतला कोणता निवडता यावरच दिवस ठरतो. पूर्वेकडचा, ग्वाल्हेर दरवाजाचा मार्ग पायी चढायचा आहे. एकामागून एक दरवाजे ओलांडत जाणारी ही चढण सुंदर आहे, वाटेत खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर लागते आणि तिथल्या इसवी सन 876 च्या शिलालेखात शून्याचे चिन्ह आहे. पण पंधरा किलोंचे मूल कडेवर असताना शून्याचे कौतुक फार वेळ टिकत नाही. पश्चिमेकडच्या उरवाई दरवाजाने गाडी थेट वर जाते. रस्ता अरुंद आणि चढाचा आहे. त्याच्या कडेला, खडकात कोरलेल्या पंधराव्या शतकातल्या प्रचंड जैन तीर्थंकर मूर्ती दिसतात. त्या पाहायला उतरायचे असेल तर परतीच्या वेळी न उतरता जाताना, मूल ताजेतवाने असताना उतरावे. रिक्षाने जात असाल तर चालक पठारापर्यंत नेणार की दरवाजाशीच सोडणार, हे बसण्याआधी ठरवून घ्यावे.

वर पोहोचल्यावर पहिले स्थान मानमंदिराला द्यावे. राजा मानसिंह तोमर (राज्यकाळ 1486 ते 1516) याने बांधलेल्या या महालाच्या दर्शनी भिंतींवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या झिलईच्या फरशांची नक्षी आहे, आणि तीत हत्ती, मगरी, केळीची झाडे आणि पिवळ्या बदकांची एक लांबलचक रांग आहे. दोन वर्षांच्या मुलाला ‘तोमर’ या शब्दाशी काही देणेघेणे नसते, बदक मात्र त्याला ओळखता येते. त्याला खांद्यावर घेऊन भिंतीसमोर उभे राहावे, बदके शोधायला सांगावे, नंतर हत्ती, नंतर केळी. हा खेळ चांगला वीस मिनिटे चालतो, आणि त्या वीस मिनिटांत मोठ्यांचीही ती भिंत एरवीपेक्षा अधिक बारकाईने पाहून होते. फरशांचा निळा रंग सकाळच्या उन्हात सर्वांत उजळ दिसतो, म्हणूनही सकाळच बरी.

महालाच्या आतले दोन छोटे चौक मुलासह पाहता येतात. खालचे मजले मात्र वेगळे आहेत. तिथे उतरणारे जिने अरुंद, उंच पायऱ्यांचे आणि अंधारे आहेत, वटवाघळांचा वास येतो, आणि ज्या गोल दालनांत मोगल काळात राजकैदी ठेवले जात, त्यांत मुलाने आनंदाने पाहावे असे काही नाही. औरंगजेबाचा भाऊ मुराद याला याच किल्ल्यात कैदेत ठेवून 1661 मध्ये मारण्यात आले. तो इतिहास मोठ्यांना पाहायचा असेल तर पाळी लावावी: एकाने वरच्या चौकात मुलाजवळ थांबावे, दुसऱ्याने खाली जाऊन यावे, मग अदलाबदल करावी. बेबी कॅरिअर पाठीवर बांधून त्या जिन्यांनी उतरण्याचा मोह टाळावा. कमानी बुटक्या आहेत आणि त्या कमानींशी मुलाच्या डोक्याची गाठ आपल्या आधी पडते.

बाबागाडी न्यावी की नाही, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. पठारावरचे रस्ते सपाट असल्याने मानमंदिर, सास-बहू मंदिरे आणि तेली मंदिर यांच्यामधल्या अंतरासाठी ती उपयोगी पडते, कोणत्याही वास्तूच्या आत मात्र तिचा उपयोग नाही. स्वतःची गाडी असेल तर बाबागाडी डिकीत ठेवावी; नसेल तर घरीच ठेवून कॅरिअर किंवा साधी सुती ओढणी बरोबर घ्यावी. किल्ल्यावर मुलाचा हात न सोडण्याचा नियम पाळावा आणि त्याला अपवाद करू नये. तटाच्या कडेची भिंत सगळीकडे पुरेशी उंच नाही, कड्याची उंची मोठी आहे आणि पठारावर जुनी कुंडे व बावड्या (पायऱ्यांच्या विहिरी) आहेत. सास-बहू मंदिरे तर अगदी पूर्वेच्या कड्यावरच आहेत. 1093 मध्ये पूर्ण झालेल्या मोठ्या मंदिराचे कोरीवकाम अप्रतिम असले तरी तिथे मूल कडेवरच ठेवावे आणि मुक्काम आटोपता ठेवावा.

धावण्याची हौस तेली मंदिराजवळ भागवू द्यावी. हे मंदिर आठव्या-नवव्या शतकातले, सुमारे तीस मीटर उंचीचे आणि गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारख्या गोलसर छपराचे आहे, आणि त्याच्या भोवती मोकळी हिरवळ आहे. एकाने सतरंजीवर बसून डबा उघडावा, एकाने मुलामागे धावावे, आणि ज्याला वास्तुशास्त्रात रस असेल त्याने त्या वेळात मंदिराला प्रदक्षिणा घालावी. त्याच पठारावर दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे. जहांगीराने कैदेत ठेवलेले सहावे गुरू हरगोबिंद यांनी सुटकेच्या वेळी बावन्न राजांनाही आपल्यासोबत सोडवले, अशी त्याची कथा आहे. लहान मूल बरोबर असताना या जागेचे मोल फार मोठे आहे. पाय धुण्यासाठी पाणी, स्वच्छ फरशी, सावली आणि लंगरातली साधी डाळ-रोटी हे सगळे तिथे एकत्र मिळते. डोक्यावर रुमाल हवा, मुलाच्याही. तो बांधून ठेवण्याची खटपट करावी लागते, पण तिथली मंडळी समजून घेतात. मी तर किल्ल्याची सकाळ गुरुद्वारात संपवण्याचाच सल्ला देईन.

केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या स्मारकांत 15 वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. रात्रीचा ध्वनि-प्रकाश कार्यक्रम मोठ्या आवाजाचा आणि मुलांच्या झोपेच्या वेळेचा असतो, तो या वयात वगळावा. पायथ्याचा गुजरी महाल, म्हणजे राज्याचे पुरातत्त्व संग्रहालय, सोमवारी बंद असते. ते पूर्वेच्या दरवाजाशी असल्यामुळे उरवाईने वर गेलेल्या दिवशी तिकडे जाण्याचा अट्टहास करू नये. ग्यारसपूरची प्रसिद्ध शालभंजिका, म्हणजे झाडाखाली उभ्या स्त्रीची दगडी मूर्ती, तिथेच आहे, आणि ती पाहण्यासाठी एखादी वेगळी, आजोबांसोबतची निवांत सकाळ राखून ठेवावी.

जयविलास

जयाजीराव शिंदे यांच्यासाठी वास्तुरचनाकार मायकेल फिलोज याने 1874 मध्ये बांधून पूर्ण केलेल्या जयविलास राजवाड्याचा एक भाग संग्रहालय म्हणून खुला आहे. छताखालचे स्थळ असल्याने उन्हाच्या किंवा पावसाच्या दिवशी ते उपयोगी पडते, पण मुलाच्या दृष्टीने ते किल्ल्याहून अवघड आहे. दालने पुष्कळ, वाट लांब, आणि जवळजवळ प्रत्येक वस्तूला हात लावायला मनाई. म्हणून सगळे पाहण्याचा विचार आधीच सोडावा आणि मुलासाठी तीन गोष्टी ठरवाव्यात: बग्ग्या-पालख्या, चांदीची आगगाडी आणि मोठी झुंबरे.

आगगाडी भोजनगृहात आहे. जेवणाच्या लांब टेबलावर रुळ बसवलेले असून त्यांवरून चांदीची छोटी गाडी काचेच्या डब्यांतून पेये आणि सिगार घेऊन पाहुण्यांसमोरून फिरत असे. एखाद्याने डब्यातली बाटली उचलली की गाडी थांबे आणि ठेवली की पुढे निघे. आता ती प्रेक्षकांसाठी चालवली जात नाही. गाडी ‘झुकझुक’ करणार, असे मुलाला आधी सांगून ठेवल्यास तिथे रडारड ठरलेली. ‘झोपलेली गाडी पाहायला जाऊ’ असे सांगावे. दरबार हॉलमधली दोन झुंबरे प्रत्येकी सुमारे साडेतीन टन वजनाची आहेत, आणि ती टांगण्यापूर्वी छताची ताकद तपासण्यासाठी हत्ती वर चढवले होते असे सांगतात. ही हत्तींची गोष्ट तीन वर्षांच्या मुलाला नेमकी कळते, आणि घरी परतल्यावर आठवडाभर सांगितली जाते.

मुलाला आत जाण्याआधी खाऊ घालावे, कारण दालनांत खाणे चालत नाही. शी-शू उरकून घ्यावी. काचेच्या कठड्याचा जिना असल्याने मूल त्या भागात कडेवरच असावे. पेंढा भरलेले वाघ काही मुलांना आवडतात आणि काहींना रात्री स्वप्नात दिसतात. आपले मूल कोणत्या जातीचे आहे हे पालकांना ठाऊक असतेच. मूल मध्येच कंटाळले तर तिकिटाचे पैसे वसूल करण्यासाठी त्याला ओढत नेऊ नये. राजवाड्यासह शहरातल्या संग्रहालयांचे साप्ताहिक सुट्टीचे वार वेगवेगळे असल्याने निघण्यापूर्वी फोनवर खात्री करून घेणे शहाणपणाचे.

फुलबाग, हजिरा, मुरार

संध्याकाळच्या तुकड्यासाठी लष्कराजवळ फुलबाग सर्वांत भरवशाची आहे. माधवराव शिंदे यांच्या काळात, 1922 मध्ये सुरू झालेले प्राणिसंग्रहालय तिथेच आहे. ते लहान आहे, आणि तोच त्याचा गुण. मोठ्या प्राणिसंग्रहालयात वाघापर्यंत पोहोचेतो मूल झोपलेले असते, इथे तसे होत नाही. पांढऱ्या वाघासाठी ते ओळखले जाते. याच परिसरात मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल सोसायटीची वास्तू अशी प्रार्थनास्थळे जवळजवळ आहेत. राणी लक्ष्मीबाईंची समाधीही जवळच आहे. जून 1858 मध्ये ग्वाल्हेरच्या लढाईत राणींना वीरमरण आले. मुलाला युद्ध समजावण्याचे हे वय नव्हे, पण घोड्यावरचा पुतळा पाहून ‘टकबक टकबक’ करायला त्याला कोणी शिकवावे लागत नाही, आणि आजीने दोन वाक्यांत राणींचे नाव सांगितले तर तेवढे पुरे.

जुन्या ग्वाल्हेरमध्ये हजिऱ्याला सूफी संत मुहम्मद गौस यांची कबर आणि तिच्या आवारात तानसेनची छोटी, मोकळी समाधी आहे. दोन्ही सोळाव्या शतकातल्या. गौस यांच्या कबरीच्या चारी बाजूंना दगडी जाळ्या आहेत आणि दुपारी चारनंतर तिरपे ऊन त्यांतून आत येऊन फरशीवर नक्षी उमटते. त्या कवडशांवर पाय ठेवत चालणे हा या वयाच्या मुलांचा आवडता उद्योग. ही दफनभूमी आणि श्रद्धास्थान आहे, म्हणून खेळ हळू आवाजातच चालावा आणि कबरींवर चढू देऊ नये. तानसेनच्या समाधीजवळच्या चिंचेची पाने चावली की गळा गोड होतो अशी समजूत आहे. डिसेंबरमधल्या तानसेन समारोहाच्या दिवसांत इथे गर्दी असते, ती सोडून वर्षभर ही जागा शांत असते. मला विचाराल तर लहान मुलासाठी ग्वाल्हेरमधली सर्वांत उत्तम संध्याकाळ इथेच मिळते.

मुरारकडचे सूर्यमंदिर 1988 मधले, कोणार्कच्या धर्तीवर बिर्लांनी बांधलेले आहे. भोवतीची बाग चांगली, रथाची चाके आणि घोडे मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि उन्हात फरशी तापते, म्हणून मुलाच्या पायांत घालायला मोज्यांचा जाड जोड पिशवीत ठेवावा.

महाराज बाड्याभोवती निरनिराळ्या शैलींत बांधलेल्या जुन्या इमारती पाहण्यासारख्या आहेत, परंतु संध्याकाळची गर्दी आणि गाड्या पाहता मुलासह तिथे सकाळी दुकाने उघडण्यापूर्वीच जावे. लष्करातल्या शिंद्यांच्या छत्र्या, म्हणजे राजघराण्यातल्या दिवंगतांची स्मृतिस्थाने, याही अशाच सकाळच्या वेळी पाहाव्यात.

पिशवी आणि पोट

बाहेरच्या खाण्यात ग्वाल्हेर उदार आहे. बेडई (डाळीच्या सारणाची पुरी) आणि जलेबी, नया बाजारातले बहादुराचे लाडू, थंडीत मुरैन्याची गजक, म्हणजे तीळ-गुळाची वडी. यांतले लाडू सोडले तर मुलाच्या वाट्याला फारसे काही येत नाही. बेडईची भाजी तिखट असते, आणि गजकेचे कडक तुकडे तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकण्याचा धोका असल्याने ती देऊच नये. घरून दशम्या, तूप-गुळाची पोळी, केळी आणि डब्यात घट्ट मऊ खिचडी न्यावी. दशमी प्रवासात तीन वेळची सोय करते आणि सांडत नाही, हा तिचा मोठेपणा नव्या पिढीने पुन्हा ओळखायला हवा. पाणी घरचेच, आणि वाटते त्याच्या दुप्पट. कपड्यांचे दोन जोड, डायपर, एक जुने सुती लुगडे किंवा धोतर असावे. ते सावलीला, अंथरायला, पांघरायला आणि दूध पाजताना आडोशाला अशा चारही कामांना येते. डायपर बदलण्याची स्वतंत्र सोय स्मारकांवर मिळेलच असे गृहीत धरू नये. गाडीचे मागचे सीट किंवा हिरवळीचा कोपरा हीच सोय. वापरलेले डायपर बंद पिशवीत घालून घरी परत आणावेत.

शहराबाहेर जायचे असेल तर

पूर्ण दिवसाची सहल मुलाच्या झोपेला गाडीत बसवूनच आखावी लागते. उत्तरेला, मुरैन्याजवळ देवरी येथे घडियालांचे, म्हणजे लांब तोंडाच्या सुसरींचे, संगोपन केंद्र आहे. चंबळ नदीच्या वाळूतून गोळा केलेली अंडी इथे उबवली जातात आणि पिल्ले सुमारे सव्वा मीटर लांबीची झाली की नदीत सोडली जातात. हौदांत पहुडलेली, लांब चोचीसारख्या तोंडाची पिल्ले मूल अगदी जवळून पाहू शकते. हिवाळ्यात उन्हाला आलेली घडियाले दिसण्याची शक्यता अधिक असते.

दुसरा पर्याय मुरैना जिल्ह्यातल्याच पढावली, बटेश्वर आणि मितावली या जवळजवळच्या तीन ठिकाणांचा आहे. तिन्ही एका दिवसात करू नयेत. मितावलीचे गोलाकार चौसष्ट योगिनी मंदिर टेकडीवर असून पायऱ्या पुष्कळ आहेत. वरच्या वर्तुळाकार ओवरीत मुले पळत सुटतात खरी, पण तिथवर त्यांना कोणीतरी उचलून न्यावे लागते. बटेश्वर त्यापेक्षा सोपे. ढिगाऱ्यात पडलेल्या सुमारे दोनशे छोट्या मंदिरांपैकी अनेक मंदिरे पुरातत्त्वज्ञ के. के. मुहम्मद यांच्या देखरेखीखाली 2005 पासून पुन्हा उभी करण्यात आली. त्यांतली कित्येक इतकी लहान आहेत की दोन वर्षांचे मूल त्यांच्या दाराशी उभे राहिले तर दार त्याच्याच मापाचे वाटते. सकाळी आठला ग्वाल्हेरहून निघावे, बटेश्वरला तास-दीड तास काढावा, पढावलीची गढी मुलाच्या मनःस्थितीवर सोडावी आणि साडेबाराच्या सुमारास परतीला लागावे, म्हणजे दुपारची झोप गाडीतच होते. त्या बाजूला खाण्यापिण्याची भरवशाची सोय नाही, म्हणून डबा आणि पाणी निघतानाच पुरेसे घ्यावे. शेवटचा रस्ता गावांतून जाणारा आणि अरुंद असल्याने संध्याकाळपर्यंत तिथे रेंगाळू नये.